पडद्यासाठी चित्रे: ई-पुस्तके आणि वेबपाने यांच्या एक्स्पोर्ट सेटिंग्जचा आढावा

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या पानावर पिवळसर रेषा दिसू लागल्या की बागायतदाराला तातडीने निर्णय घ्यावा लागतो. त्या रेषा कुकुंबर मोझॅक विषाणूच्या असतील, तर ते झाड उपटून नष्ट करायचे, कारण मावा हा विषाणू शेजारच्या झाडांवर नेतो. करप्याची सुरुवात असेल, तर पानाचा रोगट भाग काढून बुरशीनाशक फवारायचे. अन्नद्रव्य कमी पडले असेल, तर खताचा हिशोब बदलायचा. तिन्ही प्रकारांत पान पिवळे पडते. ओळख पटते ती रेषेची दिशा, जाडी, कड आणि छटा यांवरून. पुस्तिकेतल्या चित्रात हा फरक टिकला नाही, तर ती कितीही अभ्यासाने लिहिलेली असो, ऐन वेळी तिचा उपयोग होत नाही.

खानदेशात पडद्यावर आणण्यासारखे चित्रसाहित्य भरपूर आहे. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची लागवड, ठिबक, रोग आणि काढणी यांची माहिती चित्रांवाचून सांगताच येत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्याकडे जुनी हस्तलिखिते आहेत. चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) यांचे छायाचित्रांचे काम आहे. अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११च्या आरंभापासून हक्कमुक्त आहे आणि कोणीही त्याची ई-पुस्तके काढू शकतो. हे काम कधी संस्था करते, पण पुष्कळदा एखादा शिक्षक, कृषी सहायक किंवा डीटीपी करणारा मुलगा करतो. ‘एक्स्पोर्ट’चे बटण दाबले की समोर येणाऱ्या चौकटीत काय भरायचे, हा प्रश्न त्या सगळ्यांपुढे सारखाच असतो.

तीन भूमिका

या प्रश्नावर मराठी प्रकाशन-व्यवहारात साधारण तीन भूमिका दिसतात. पहिली म्हणते, चित्र कॅमेऱ्यातून आले तसे मोठेच चढवा, पुढचे यंत्र सांभाळून घेईल. दुसरी म्हणते, जितके हलके करता येईल तितके करा, लोकांकडे साधे मोबाइल आहेत. तिसरी म्हणते, छापील पुस्तकाची पीडीएफ तयार असतेच, तीच ई-पुस्तक म्हणून द्या.

तिन्हींत थोडे तथ्य आहे, पण एकही पुरेशी नाही. पहिलीत वाचकाचा डेटा आणि वेळ जातो. दुसरीत चित्राचा आशयच जातो. तिसरीत ए-फोर पानाची मांडणी तळहाताएवढ्या पडद्यावर कोंबली जाते आणि वाचक पान सरकवत बसतो. चित्राची सेटिंग्ज ठरवताना पहिला प्रश्न फाइलच्या वजनाचा नसावा. या चित्रातून वाचकाने काय ओळखायचे आहे आणि तो ते कोणत्या पडद्यावर बघणार आहे, हे आधी ठरवले की पिक्सेल, प्रकार आणि गुणवत्तेचे आकडे त्या क्रमाने ठरत जातात.

आधी पिक्सेल

‘वेबसाठी ७२ डीपीआय, छपाईसाठी ३००’ हे वाक्य प्रत्येक डीटीपी केंद्रात ऐकू येते. छपाईपुरते ते ठीक आहे. पडद्यावर मात्र फाइलमध्ये नोंदलेल्या डीपीआयने काहीच बदलत नाही. १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ७२ डीपीआयचे म्हणून जतन केले काय किंवा ३००चे म्हणून, ब्राउझर १२०० पिक्सेलच मांडतो. म्हणून पडद्यासाठी बोलताना इंच आणि डीपीआय बाजूला ठेवून थेट पिक्सेलमध्ये बोलावे.

आजच्या मोबाइलचा साधा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचे, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र देतो. त्याची जेपीईजी फाइल चार एमबीच्या आसपास असू शकते. एका सेकंदाला एक मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर ती उतरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पालच्या बाजूला सिग्नल वरखाली होतो, तिथे हा हिशोब कागदापुरता राहत नाही. तेच चित्र दीडशे केबीचे केले, तर सव्वा सेकंदात येते. शिवाय फाइल कितीही आवळली, तरी दाखवताना ती मेमरीत पूर्ण उलगडावी लागते. १२ मेगापिक्सेलचे एक चित्र उघडताना सुमारे ४८ एमबी मेमरी लागते. स्वस्त मोबाइलवर चित्रांनी भरलेले पान अडखळते, त्यामागे अनेकदा हे असते.

मोबाइलच्या पडद्याची प्रत्यक्ष रुंदी बहुधा ७२० किंवा १०८० पिक्सेल असते. संगणकावर लेखाचा स्तंभ सातशे-आठशे पिक्सेलचा धरला आणि दाट पडद्यासाठी दुप्पट केला, तर १६०० पिक्सेल झाले. त्यामुळे वेबपानावरच्या सर्वसाधारण चित्राला १६०० पिक्सेल रुंदी ही वरची मर्यादा पुरते. जिथे वाचकाने चित्र मोठे करून पाहावे अशी अपेक्षा आहे, उदाहरणार्थ रोगट पान, हस्तलिखित किंवा नकाशा, तिथे मोठी प्रत वेगळ्या दुव्यावर ठेवावी. मग ती ज्याला हवी त्यालाच उतरते.

कोणते चित्र, कोणता प्रकार

जेपीईजी हे १९९२चे मानक. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला कमी जाणवणारा तपशील सोडून देते. शेत, चेहरा, बाजार अशा छायाचित्रांसाठी आजही ते उत्तम आहे. पीएनजी १९९६मध्ये आला. तो काहीही टाकत नाही, म्हणून रेषाचित्र, तक्ता, स्क्रीनशॉट, सपाट रंगांची आकृती यांसाठी तो योग्य. छायाचित्र पीएनजीत ठेवले तर फाइल अकारण फुगते, आणि आकृती जेपीईजीत ठेवली तर अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात. या दोन चुका टाळल्या तरी निम्मे काम झाले.

गूगलने २०१०मध्ये वेबपी आणला. गूगलच्या स्वतःच्या मोजणीनुसार तो सारख्या दर्जाच्या जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतो. २०२०मध्ये सफारीनेही तो स्वीकारल्यावर वेबपानांसाठी वेबपीची अडचण जवळपास संपली. २०१९चा एव्हीआयएफ त्याहून आवळतो आणि आता मुख्य ब्राउझरांत चालतो, मात्र जुन्या मोबाइलसाठी सोबत जेपीईजीची प्रत ठेवणे शहाणपणाचे. ठिबकच्या नळ्यांची मांडणी, खोडाचा उभा छेद अशा रेषांच्या आकृत्यांना एसव्हीजी सर्वांत चांगला. तो पिक्सेलांऐवजी रेषांचे गणित साठवतो, म्हणून कितीही मोठे केले तरी कड तुटत नाही.

गुणवत्तेचा आकडा आणि पिवळी रेष

‘क्वालिटी ८०’ म्हणजे ८० टक्के दर्जा नव्हे. हा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला असतो. फोटोशॉपचा ८० आणि गिंपचा ८० सारखे नसतात. वर्डप्रेस चढवलेल्या जेपीईजीच्या लहान प्रती ८२वर बनवते. साध्या छायाचित्राला ७५ ते ८५ या दरम्यानचा आकडा बहुतेक वेळा पुरतो. नव्वदीच्या पुढे गेले की फाइल झपाट्याने वाढते आणि डोळ्याला फारसा फरक दिसत नाही.

या आकड्यापेक्षा कमी चर्चेत असलेली, पण आपल्याकडच्या चित्रांसाठी जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे रंगाची काटकसर. जेपीईजी उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची माहिती अनेकदा चार पिक्सेलांत मिळून एकच ठेवतो. सेटिंगमध्ये हे ‘४:२:०’ असे लिहिलेले दिसते. निसर्गदृश्यात यातले काही कळत नाही. केळीच्या पानावर मात्र हिरव्यातली बारीक पिवळी रेष हाच मुद्दा असतो. पिवळा हिरव्यापेक्षा उजळ असल्याने रेष पूर्ण पुसली जात नाही, पण तिचा पिवळेपणा शेजारच्या हिरव्यात मिसळतो आणि कड बोथट होते. विषाणू आणि करपा वेगळे ओळखायला लागणारा तपशील नेमका तिथेच असतो.

त्यावर उपाय सोपे आहेत. गिंपमध्ये जेपीईजी एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंगचा पर्याय ‘४:४:४’ करावा आणि गुणवत्ता ८५च्या पुढे ठेवावी. तपशील सोडून आवळणारा वेबपी रंगासाठी ४:२:० एवढीच पद्धत वापरतो, म्हणून निदानासाठीच्या चित्रांत तो टाळावा किंवा त्याचा काहीही न टाकणारा प्रकार घ्यावा. एव्हीआयएफमध्ये पूर्ण रंग ठेवता येतो. त्याहून परिणामकारक म्हणजे चित्र कापण्याची शिस्त. पूर्ण झाडाचे एक चित्र आणि फक्त रोगट भागाचे दुसरे, असे दोन तुकडे द्यावेत. दुसऱ्या तुकड्यात सगळे पिक्सेल कामाच्या जागी खर्च होतात.

प्रेससाठी केलेल्या फाइलीत रंगाचा आणखी एक घोळ असतो. छपाईच्या फाइली सीएमवायकेत असतात आणि त्या तशाच पडद्यावर गेल्या की काही यंत्रांवर रंग भडक किंवा मळकट दिसतात. पडद्यासाठी प्रत्येक चित्र एसआरजीबीत रूपांतरित करून, रंगाचा प्रोफाइल फाइलसोबत ठेवूनच एक्स्पोर्ट करावे.

आणखी एक हानी सर्रास होते. बांधावर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून लेखकाकडे येतो, तिथून डीटीपीकडे, तिथून प्रकाशकाकडे. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र लहान करून पुन्हा आवळते. २०२३मध्ये ‘एचडी’चा पर्याय आला, त्याने थोडे सुधारले. मूळ चित्र जसेच्या तसे हवे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. एकदा गेलेला तपशील कोणत्याही सेटिंगने परत येत नाही.

चित्रातली देवनागरी

युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळांवर मजकूरच चित्र करून चढवला जात असे, कारण वाचकाकडे फाँट असेलच याची खात्री नसे. ती अडचण संपली, सवय मात्र उरली. खतांच्या मात्रांचे तक्ते, वेळापत्रके, सूचना आजही चित्र म्हणून टाकल्या जातात. असा तक्ता शोधात सापडत नाही, मोठा करता येत नाही, दृष्टिहीन वाचकाला ऐकता येत नाही. नियम साधा ठेवावा: जे अक्षरांत लिहिता येते ते अक्षरांतच द्यावे, तक्ता तक्ता म्हणूनच मांडावा.

आकृतीत नावे लिहावीच लागतात, तेव्हा आकाराचा हिशोब करावा. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा सुमारे ६५. ए-फोरसाठी काढलेल्या आकृतीत दहा पॉइंटचे अक्षर मोबाइलवर तीन पॉइंटचे होते. एवढ्या आकारात रोमन लिपी जेमतेम वाचता येईल, पण देवनागरीत शिरोरेखेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरे असतात. ते सगळे एकमेकांत मिसळून जाते. अशी आकृती नुसती लहान करून भागत नाही, ती मोबाइलसाठी पुन्हा मांडावी लागते. आडवी असेल तर उभी करायची, एकीच्या तीन करायच्या, लांब नावांऐवजी आकृतीत अंक द्यायचे आणि नावे खाली मजकुरात.

एसव्हीजीत अक्षरे ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. अक्षरे अक्षरे म्हणूनच ठेवली, तर ती शोधता येतात, पण वाचकाच्या यंत्रात तो फाँट नसेल तर मांडणी बिघडते. इंकस्केपमध्ये अक्षरांचे आकार करून टाकले, तर रूप हमखास टिकते, शोध मात्र जातो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या आकृत्यांसाठी दुसरा मार्गच व्यवहार्य आहे. नव्या आकृत्यांसाठी नोटो किंवा मुक्त यांसारखा खुला फाँट फाइलसोबत जोडून पहिला मार्ग घ्यावा.

ई-पुस्तकाची वेगळी शिस्त

वेबपान प्रत्येक भेटीत नव्याने उतरते. ई-पुस्तक एकदाच उतरते आणि वर्षानुवर्षे कोणत्याही यंत्रावर उघडले जाते. म्हणून वेबवर नवे प्रकार वापरून पाहायला हरकत नाही, पुस्तकात मात्र जुने आणि खात्रीचे प्रकार घ्यावेत. ईपब ३.३ हे मानक मे २०२३मध्ये डब्ल्यूथ्रीसीने अधिकृत केले. त्यात जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ, एसव्हीजी यांच्या जोडीला वेबपीही मान्य झाला आहे. तरी लोकांच्या हातात जुनी वाचनयंत्रे आणि जुनी ॲप आहेत, त्यामुळे पुस्तकात छायाचित्रे जेपीईजीत आणि आकृत्या पीएनजी किंवा एसव्हीजीत ठेवणेच आज सुरक्षित.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६च्या अखेरीपासून मिळू लागली. ॲमेझॉनला मुखपृष्ठासाठी २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद असे चित्र हवे असते. ७० टक्के मानधनाची योजना घेतली, तर फाइलच्या वजनाप्रमाणे वितरणखर्च कापला जातो. भारतासाठीचा दर एमबीमागे सात रुपये असा आहे. चाळीस छायाचित्रे कॅमेऱ्यातून आली तशी घातली, तर दीडशे एमबीचे पुस्तक होते आणि लहान किमतीच्या पुस्तकाचे गणितच कोसळते. तीच चित्रे १६०० पिक्सेलची करून बारा-पंधरा एमबीत बसवता येतात. अशा चित्रप्रधान पुस्तकाला ३५ टक्क्यांची, वितरणखर्च नसलेली योजनाही तपासून पाहावी.

ई-इंकचा पडदा हा स्वतंत्र विषय आहे. २०२१च्या किंडल पेपरव्हाइटचा पडदा १२३६ बाय १६४८ पिक्सेलचा आहे आणि तो करड्या रंगाच्या केवळ १६ छटा दाखवतो. तिथे हिरवा आणि लाल सारखेच करडे दिसू शकतात. आलेखात रंगांऐवजी रेघांचे नमुने वापरावेत, आणि ‘पिवळा पट्टा पाहा’ असे न लिहिता त्या पट्ट्याची जागा बाणाने दाखवावी. केकी मूस यांच्या कामासारखी कृष्णधवल चित्रे असतील, तर अंधाऱ्या भागातल्या छटा ई-इंकवर एकमेकींत बुडतात. अशा चित्राची मध्यम छटा किंचित उजळ केलेली वेगळी प्रत पुस्तकासाठी करावी, मूळ प्रतीला हात लावू नये.

पीडीएफची बाजूही समजून घ्यावी. ई-साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तके मोफत पोचवली ती मुख्यतः पीडीएफमधून, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफमध्ये मिळतात. जिथे पानाची मांडणी हाच आशय आहे, तिथे पीडीएफ हवीच. पण वाहता मजकूर आणि अधूनमधून चित्रे असे पुस्तक असेल, तर ईपब वाचकाच्या पडद्याशी जुळवून घेते. सिजिल आणि कोविद गोयल यांचे कॅलिबर ही मोफत साधने त्यासाठी पुरेशी आहेत.

वेबपानाची शिस्त

वेबपानासाठी एकाच चित्राच्या ४८०, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती ठेवाव्यात आणि निवड ब्राउझरवर सोडावी. वर्डप्रेस २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून हे आपोआप करते, आणि २०१९च्या ५.३पासून २५६० पिक्सेलहून मोठ्या चित्राची लहान प्रत बनवते. पण मूळ फाइल सर्व्हरवर जागा खातच राहते, म्हणून आधीच लहान करून चढवलेले बरे. स्क्वूशसारख्या साधनात मूळ आणि आवळलेले चित्र शेजारी ठेवून फरक पाहता येतो, आणि शेकडो चित्रांसाठी इमेजमॅजिक एका आज्ञेत काम उरकते.

पानाच्या कोडमध्ये प्रत्येक चित्राची रुंदी-उंची लिहावी. नाहीतर चित्र उतरताच मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाची ओळ हरवते. खालची चित्रे वाचक तिथे पोचल्यावर उतरतील अशी ‘लेझी’ सोय करावी. सर्वांत वरच्या चित्राला मात्र ती लावू नये, कारण ते लगेच दिसायला हवे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची कसोटी रास्त आहे.

जुन्या पानांचे स्कॅन

जुनी पुस्तके आणि हस्तलिखिते यांच्याबाबत निष्काळजीपणा सर्वांत महाग पडतो, कारण मूळ कागद दर वर्षी जीर्ण होत जातो. स्कॅन करताना ३०० ते ४०० डीपीआय, रंगीत, टिफमध्ये अशी जतन-प्रत करावी. इथे डीपीआयला खरा अर्थ आहे, कारण प्रत्यक्ष कागद मोजला जातो. वाचकांसाठीच्या प्रती नंतर तिच्यावरून काढाव्यात.

पान पांढरेशुभ्र दिसावे म्हणून ते नुसते काळे-पांढरे करण्याचा मोह होतो. पण १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीच्या मराठी छपाईत अनुच्चारित अनुस्वार पदोपदी असत. ठिपके काढणारे फिल्टर कागदावरचा डाग आणि असा अनुस्वार यांत भेद करत नाही. पान स्वच्छ होते आणि त्या काळचे लेखनच बदलते. दुसरा धोका पीडीएफ आवळताना येतो. सारखी दिसणारी अक्षरे एकच समजून साठवणारी एक पद्धत आहे. २०१३मध्ये डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिले की त्यामुळे झेरॉक्सच्या काही यंत्रांत सहाचा आठ होत होता. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व अशा जोड्या असलेल्या लिपीत हा धोका पत्करू नये. वाचनप्रत करड्या छटांत ठेवावी. थोडी जड झाली तरी चालेल.

चित्रासोबत जाणारी माहिती

एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘मेटाडेटा’चा पर्याय असतो. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कोणाच्या शेतात रोग आहे हे जगाला कळवणे योग्य नाही, म्हणून ते काढून टाकावेत. रंगाचा प्रोफाइल आणि छायाचित्रकाराचे नाव मात्र राहू द्यावे. फाइलचे नाव लहान रोमन अक्षरांत आणि जोडरेघांनी द्यावे, कारण देवनागरीतले एकेक चिन्ह वेबपत्त्यात नऊ चिन्हांचे होते आणि दुवे लांबलचक होऊन तुटतात.

चित्राचे मराठी वर्णन मात्र मन लावून लिहावे. नुसते ‘केळीचे पान’ असे लिहून दृष्टिहीन वाचकाला काहीच मिळत नाही. ‘कोवळ्या पानावर शिरांना समांतर, तुटक पिवळसर रेषा’ असे लिहिले, तर चित्र उतरले नाही तरी माहिती पोचते.

पुढे काय करावे

रावेर परिसरात आणि एकूणच खानदेशात चित्रांसह काही प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी तरी ठरवून घ्याव्यात. प्रत्येक चित्राची अस्पर्श मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची. वेब, ई-पुस्तक आणि छपाई यांच्यासाठी त्या मूळ प्रतीवरूनच वेगवेगळ्या प्रती काढायच्या, एकीवरून दुसरी नाही. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी ते चित्र स्वस्त मोबाइलवर, भर उन्हात, विषय माहीत नसलेल्या माणसाला दाखवून विचारायचे की यात काय दिसते.

निमखेडीचे केळी संशोधन केंद्र, पालचे कृषी विज्ञान केंद्र, जळगावचे विद्यापीठ, धुळ्याची संशोधन मंडळे यांनी मिळून अशा सेटिंग्जचे एक पानभर टिपण मराठीत काढले, तर गावोगावच्या डीटीपी केंद्रांना आणि शिक्षकांना त्याचा रोज उपयोग होईल. याला मोठा निधी लागत नाही, साधने मोफत आहेत, आणि हे शिकायला एक दुपार पुरते. खानदेशच्या शेतीचे आणि साहित्याचे जे काही आज पडद्यावर जाते आहे, तेच उद्याच्या अभ्यासकाच्या हाती राहणार आहे. ते ओळखता येईल असे पाठवणे ही प्रकाशकाची जबाबदारी आहे, आणि ती एक्स्पोर्टच्या चौकटीत आकडे भरतानाच पार पाडावी लागते.